मोकळी जागा कोणाची?

वऱ्हाडातल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात गावाची जमीन दोन रंगांची असते. पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. या दोहोंखेरीज आणखी एक जमीन गावाला असते. ती कोणा एका कुटुंबाच्या नावे नसते. गायरान, तळ्याचा काठ, वाटा आणि पाणंद यांची ही जमीन. वाशीम जिल्ह्यातील रिसोड तालुक्यात केनवड नावाचे गाव आहे. अशा गावांतून बैलगाडी किंवा ट्रॅक्टर दारासमोर उभा राहतो आणि त्याखालच्या जागेचा मालक कोण, असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. जागा पुरेशी असते तोवर शेजारधर्म स्वस्त असतो. त्याची खरी परीक्षा जागा आखडते तेव्हा होते.

अशाच गावांतली मुले शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी अकोला, पुणे, मुंबई गाठतात व कालांतराने एखाद्या सहकारी गृहनिर्माण संस्थेची सभासद होतात. तेथे त्यांना काळी नसते, पांढरी नसते. असते ती करारनाम्यात चौरस फुटांनी मोजलेली सदनिका. मात्र इमारतीलाही तिचे गायरान असते. जिना, गच्ची, फाटकापासूनचा रस्ता आणि खांबांवर उभ्या केलेल्या इमारतीखालचा मोकळा तळमजला हे ते गायरान होय. या तळमजल्याला सगळेच ‘स्टिल्ट’ म्हणतात. गाड्या तेथे उभ्या राहतात. त्यावरून जी भांडणे होतात ती वरवर क्षुद्र वाटतात, परंतु त्यांच्या तळाशी एक जुना नैतिक प्रश्न आहे. सर्वांसाठी मोकळी ठेवलेली जागा बदलण्याचा अधिकार कोणाला, आणि कोणत्या कारणासाठी?

मुंबईत दहिसर पूर्वेच्या आनंदनगर भागातील पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्थेचा खटला या दृष्टीने विचार करण्याजोगा आहे. इमारत बांधणाऱ्या कंपनीने स्टिल्टमधील २५ वाहनतळांवर आपला हक्क सांगितला आणि संस्थेने त्यात ढवळाढवळ करू नये म्हणून दिवाणी दावा लावला. कंपनीचे म्हणणे सरळ होते: आम्ही सदनिका विकल्या, त्याखालची जागा विकली नाही. शिवाय प्रत्येक खरेदीदाराने तसे लिहून दिले होते की, वाहनतळाची जागा कंपनीची आहे आणि ती विकण्यास आपली हरकत नाही. शहर दिवाणी न्यायालयाने २००७ मध्ये दावा फेटाळला, २००८ मध्ये उच्च न्यायालयाने अपील फेटाळले आणि ३१ ऑगस्ट २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने शेवटचा शब्द सांगितला. १९६३ च्या महाराष्ट्र सदनिका मालकी कायद्याखाली स्टिल्टमधील मोकळी जागा म्हणजे गॅरेज नव्हे. ती इमारतीच्या सामाईक सोयींचा भाग आहे आणि विकासकाला ती स्वतंत्रपणे विकता येत नाही. खरेदीदारांनी लिहून दिलेले कागद कायद्याच्या विरुद्ध असल्याने ते त्यांच्यावर बंधनकारक ठरले नाहीत.

या निकालातील शेवटचा मुद्दा मला सर्वांत मोलाचा वाटतो. माणसाने सही केली म्हणजे त्याने संमती दिली, असे आपण व्यवहारात धरून चालतो. परंतु आयुष्यभराची पुंजी घेऊन घराच्या किल्लीसाठी उभ्या असलेल्या कुटुंबासमोर छापील कागदांची चळत ठेवली जाते, तेव्हा सही न करण्याचे स्वातंत्र्य त्याच्याजवळ कितपत असते? गरजेपोटी दिलेली सही ही संमतीची सावली असते. सदनिकांचा ताबा घेण्यापूर्वीच पुढील सर्व बदलांना सरसकट मान्यता लिहून घेण्याची प्रथा न्यायालयांनी वेळोवेळी नाकारली, तीही याच कारणाने. कशाला होकार देतो आहोत हे कळल्यावाचून दिलेला होकार विवेकाला बांधीत नाही.

पुढे कायदा थोडा सरकला. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानंतर महारेराने जुलै २०२१ मध्ये परिपत्रक काढले. त्यानुसार मोकळे वाहनतळ विकता येत नाही. गॅरेज व आच्छादित वाहनतळ मात्र करारात नोंद करून मोबदल्याने देता येते. त्याच कायद्याने असेही ठरविले की, मंजूर आराखड्यात वा सामाईक जागेत मोठा बदल करावयाचा तर विकासकाखेरीज किमान दोन-तृतीयांश खरेदीदारांची पूर्वलेखी संमती हवी. म्हणजे एकेकाळी जे विकता येत नव्हते त्यातील काही भाग आता विकता येतो, आणि जे एकट्याला बदलता येत नव्हते ते बहुमताने बदलता येते. कायद्याची रेषा अशी मागेपुढे होते. म्हणूनच केवळ कायद्याने काय चालते एवढे विचारून भागत नाही; न्याय्य काय, हेही विचारावे लागते.

जागेची ही टंचाई पुष्कळदा नकाशातच आखलेली असते. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीनुसार ३५ चौरस मीटरपर्यंतच्या चार घरांमागे एक वाहनतळ पुरेसे मानले जाई. मोठ्या घरांना अधिक, लहान घरांना कमी. लहान घरातील माणसाकडे गाडी येणार नाही, असे नियम करणाऱ्यांनी गृहीत धरले होते. त्याची मुले शिकली, कमावती झाली, गाडी आली; जागा मात्र चौघांत एकच राहिली. आणखी एक हिशेब मनाला बोचतो. मोटारीसाठी २.५ मीटर रुंद व ५.५ मीटर लांब, म्हणजे १३.७५ चौरस मीटर जागा धरली जाई. १९९५ नंतरच्या झोपडपट्टी पुनर्वसनात एका कुटुंबाला मिळणारे घर २०.९० चौरस मीटरचे होते. एका गाडीला जेवढी जागा लागते, तिच्या दीडपट जागेत पाचसहा माणसांनी संसार करावयाचा! मोकळ्या जागेचा विचार करताना हे प्रमाण विसरून चालणार नाही.

आता एक कठीण उदाहरण घेऊ. चार मजल्यांची जुनी इमारत आहे, उद्वाहक नाही. वरच्या मजल्यावरील वृद्ध स्त्रीला गुडघ्यांमुळे खाली उतरता येत नाही. वर्षावर्षात तिने रस्ता पाहिलेला नाही. उद्वाहक बसवावयाचा तर स्टिल्टमधील दोन गाड्यांची जागा जाते. तळमजल्याजवळचे सभासद म्हणतात, आमच्या गाड्या कोठे न्याव्यात? एकजण म्हणतो, जागा द्यायचीच तर मला द्या. भिंत घालून मी खोली करतो आणि संस्थेला चांगली रक्कम देतो. तिघांच्या मागण्या एकाच जागेवर आहेत. त्या सारख्याच तोलाच्या आहेत काय?

याचे उत्तर शोधताना पुन्हा गावाकडे वळावेसे वाटते. पांचाली निकालानंतर पाच महिन्यांनी, २८ जानेवारी २०११ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने पंजाबातील पतियाळा जिल्ह्याच्या रोहर जागीर या गावातील तळ्याचा निकाल दिला. काहींनी तळे बुजवून त्यावर बांधकाम केले होते आणि जमिनीची किंमत वसूल करून ते नियमित करावे, असे जिल्हाधिकाऱ्यांचे मत होते. न्यायालयाने ते मानले नाही. पैसे भरले म्हणून सर्वांचे तळे एकाचे होत नाही. मात्र न्यायालयाने अपवादही सांगितले: भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जातीजमातींच्या लोकांना शासनाच्या अधिसूचनेने दिलेली जमीन, तसेच जेथे शाळा, दवाखाना वा अन्य सार्वजनिक सोय आधीच उभी आहे अशी जमीन. महाराष्ट्राला हा अपवाद नवा नाही. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखालील भूमिहीनांच्या सत्याग्रहांनी १९५९ व १९६४ मध्ये हाच प्रश्न मांडला होता. पडीक सरकारी जमिनीवर पहिला हक्क कोणाचा?

या दोन निकालांना एकत्र ठेवले की एक तत्त्व हाती लागते. सामाईक जागा ही ठेव आहे. ती पैशाने मोडता येत नाही, आधी घेतलेल्या सहीने मोडता येत नाही, आणि नुसत्या बहुमतानेही मोडू नये. ती मोडायची तर दोनच गोष्टींसाठी: ज्याच्याजवळ दुसरा आसराच नाही त्याच्या मूलभूत गरजेसाठी, किंवा सर्वांना खुल्या असलेल्या सोयीसाठी. या कसोटीवर वरच्या तिघांचा न्याय करता येतो. भिंत घालणारा पैसे देतो, पण जागा कायमची एकट्याची करतो. त्याची मागणी गळते. उद्वाहक वृद्धेसाठी मागितला तरी तो आजारी माणसाच्या, गरोदर स्त्रीच्या आणि उद्या म्हाताऱ्या होणाऱ्या आजच्या गाडीवाल्याच्याही कामी येणार आहे. घराबाहेर पडता येणे ही गरज आहे. गाडी दाराशीच असणे ही सोय आहे. गरजेसमोर सोयीने मागे सरावे.

परंतु ज्यांची सोय गेली त्यांचे नुकसान इतरांनी वाटून घेतले पाहिजे, हेही तितकेच खरे. राज्यातील गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत गाड्या अधिक व जागा कमी असल्यास चिठ्ठ्या टाकून ठरावीक मुदतीपुरते वाटप करण्याची तरतूद आली, तिच्यात मोठे शहाणपण आहे. ज्या दोघांच्या जागा उद्वाहकात गेल्या त्यांनीच ते ओझे जन्मभर का वाहावे? सर्वांनी पाळीपाळीने रस्त्यावर गाडी लावावी. ज्याच्याकडे गाडीच नाही त्याचाही त्या जागेत वाटा आहे, याची जाणीव ठेवून वाहनतळाचे शुल्क संस्थेच्या खात्यात जावे व त्यातून देखभाल व्हावी.

सामायिक वस्तूची काळजी सर्वांत कमी घेतली जाते, असे ॲरिस्टॉटलने फार पूर्वी म्हटले. अमेरिकन विदुषी एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मात्र अनेक देशांतील कुरणे, जंगले व पाटपाणी यांची उदाहरणे देऊन दाखविले की, जेथे वापरणारे स्वतः नियम करतात व पाळतात तेथे सामाईक संपत्ती पिढ्यान्‌पिढ्या टिकते. या कार्यासाठी त्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या संस्थांच्या सर्वसाधारण सभांना हे साध्य का होऊ नये? तेथे मोठ्याने बोलणारे उपस्थित असतात. जिन्यावरून उतरू न शकणारी वृद्धा अनुपस्थित असते. ठराव मांडण्यापूर्वी समितीच्या दोघांनी वर जाऊन तिचे म्हणणे ऐकून यावे. मोकळी जागा कोणाची, या प्रश्नाचे उत्तर नकाशावर नंतर पाहता येईल. आधी तिच्या दाराशी पाहावे.