दंतरचना आणि विवेक

जगन्नियंत्याने ज्या जीवास जो आहार नेमून दिला, त्यास अनुरूप अशी दंतरचनाही त्याच्या मुखात केली आहे. याचे प्रमाण शोधण्यास दूर जाणे नको. छत्तीसगडातील चरोद्याच्या वस्तीत दावणीला बांधलेली गाय पाहावी. तिच्या वरच्या जबड्यात पुढील दातच नाहीत. तेथे कठीण गादीसारखी हिरडी आहे. जिभेने गवत ओढून, खालचे ८ दात त्या हिरडीवर टेकवून ती ते तोडते आणि मग रुंद दाढांखाली, जबडा आडवा फिरवीत, रवंथ करते.

जवळच भिलाईत १९७२ साली स्थापन झालेली मैत्रीबाग आहे. तेथील पांढऱ्या वाघाच्या मुखात ३० दात. सुळे भक्ष्य धरण्यासाठी, दाढा कात्रीच्या पात्यांप्रमाणे मांस कापण्यासाठी. त्याचा जबडा वर-खाली चालतो, आडवा फिरत नाही. गवत दळणे त्यास अशक्यच. म्हणून गाय तृण खाते हे तिचे पुण्य नव्हे, आणि वाघ मांस खातो हे त्याचे पाप नव्हे. दोघेही प्रकृतीच्या अधीन आहेत.

मनुष्याचे तसे नाही. त्याच्या ३२ दातांत ८ पटाशीचे, ४ सुळे, ८ उपदाढा व १२ दाढा; कापण्याची सोय आहे, तशी दळण्याचीही आहे. कोणी म्हणतात, आपले दात शाकाहाराचेच होत. कोणी सुळ्यांकडे बोट दाखवून मांसाहाराचे समर्थन करतात. दोन्ही युक्तिवाद दुर्बल आहेत. गोरिलाचे सुळे भयंकर, तरी तो मुख्यतः पाला खातो. अस्वलाच्या कुळातील पांडा बांबूवर जगतो. सुळ्यांवरूनच आहार ठरत नाही.

मग मनुष्याने निर्णय कशाने करावा? गीतेच्या १७ व्या अध्यायात भगवंतांनी आहाराचे सात्त्विक, राजस व तामस असे तीन भेद सांगितले. तेथे दातांचा विचार नाही, आयुष्य, बल, आरोग्य आणि चित्तप्रसन्नता यांचा आहे. तिसऱ्या अध्यायात तर केवळ स्वतःसाठी अन्न शिजविणाऱ्यास पापभक्षक म्हटले आहे. अर्थात ताटात शुद्ध शाकान्न असूनही दाराशी आलेला क्षुधित विन्मुख गेला, तर ते अन्न निर्दोष राहत नाही.

पशूस दात दिले, तेथेच त्याचा प्रश्न मिटला. मनुष्यास दातांबरोबर विवेक दिला आहे. म्हणून गृहस्थाने प्रत्येक घासापूर्वी स्वतःस विचारावे : यासाठी कोणत्या जीवास पीडा झाली, आणि यात कोणाचा वाटा राहून गेला? हा विचार नित्य घडेल, तर भोजन हाच यज्ञ होईल.