पोपटाला काय येत नाही

2025 च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदी शिकवण्याचा शासननिर्णय निघाला आणि जूनअखेर त्यासंबंधीचे सगळे निर्णय रद्द करावे लागले. रद्द झाले ते बरेच झाले. पण त्या अडीच महिन्यांत जे बोलले-लिहिले गेले, त्यात भांडणाऱ्या दोन्ही बाजूंचे एका गोष्टीवर न बोलता एकमत होते: भाषा हे बोलण्याचे साधन आहे आणि मुलाला अर्थ कळला तरच ती शिकवण्यात हशील आहे. हे गृहीतक कुणी तपासले नाही.

त्याच दिवसांत अमरावतीत काही मंडळींशी बोलताना विहारांतल्या रविवारच्या वर्गांचा विषय निघाला. पाच-सहा वर्षांची मुले पालीतून त्रिशरण-पंचशील म्हणतात, ते बरे की वाईट? एक निवृत्त शिक्षक म्हणाले, “पोट्ट्यायले काई समजत नाई, नुसती पोपटपंची हाय.” सगळ्यांनी माना डोलावल्या. मला तेव्हा उत्तर सुचले नाही. ते सापडले आपल्यापासून फार लांब, रायगडच्या किनाऱ्यावर, बेने इस्राएल या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजाच्या इतिहासात.

तो इतिहास वाचकांना साधारण ठाऊक असतो. फुटलेले जहाज, नवगावचा किनारा, तेलाचे घाणे, शनिवारी काम बंद म्हणून पडलेले ‘शनिवार तेली’ हे नाव. मला त्यातली एकच गोष्ट हवी आहे. शेकडो वर्षे या समाजाजवळ हिब्रू ग्रंथ नव्हता आणि हिब्रू शिकवणारा कुणी नव्हता. उरली होती ती ‘शेमा’ ही प्रार्थना, तीही आरंभापुरती. सुंता असो, लग्न असो की मयत, तोंडी तेच शब्द. सणांची हिब्रू नावे विसरली आणि मराठी नावे पडली: नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा सण. यातला बिरड्याचा सण म्हणजे जेरुसलेमच्या देवळाच्या विध्वंसाचा शोकदिवस, असे जाणकार मानतात. देऊळ विसरले, बिरडे राहिले. आमच्या शिक्षकांच्या हिशेबाने ही पोपटपंचीची परमावधी झाली.

मग एकोणिसाव्या शतकात अर्थ आला. कोचीनहून ज्यू शिक्षक आले, तसे मिशनरीही आले. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी 1832 मध्ये हिब्रूचे व्याकरण मराठीतून छापले, ते मुख्यतः याच समाजासाठी. मिशनच्या शाळांत बेने इस्राएलांची मुले हिब्रू शिकू लागली. मिशनऱ्यांचा हिशेब सरळ होता. लोक अर्थ न कळता काहीतरी पुटपुटतात, त्यांना अर्थ द्या, म्हणजे ते आपोआप पुढच्या पायरीवर, ख्रिस्ताकडे येतील. धर्मांतरे झाली ती अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. समाजाने व्याकरण घेतले आणि ते घेऊन आपल्याच सिनेगॉगमध्ये परतला. मुंबईत सामाजी हसाजी दिवेकर यांनी 1796 मध्ये बांधलेले सिनेगॉग तेव्हा उभे होतेच. पुढे त्याच समाजातल्या जोसेफ यहेज्केल राजपूरकरांनी प्रार्थनापुस्तके मराठीत आणली आणि हाईम सॅम्युएल केहीमकरांनी 1875 मध्ये मुंबईत समाजाची स्वतःची शाळा काढली. तिथे हिब्रू शिकवली जाई.

अर्थ मिशनऱ्यांकडूनही आला, तरी त्या अर्थाने कुठे जायचे हे मिशनऱ्यांना ठरवता आले नाही. ते आधीच ठरले होते, आणि मला वाटते, ज्याला आपण पोपटपंची म्हणतो तिनेच ते ठरवले होते. समाज टिकण्याला इतरही कारणे होती. आपापसातली लग्ने होती, खाण्यापिण्याचे नियम होते, गावगाड्यातली वेगळी जागा होती. ती मी नाकारत नाही. पण ही कारणे माणसांना एकत्र ठेवतात. नवे व्याकरण हातात आल्यावर ते कुठल्या देवघरात न्यायचे, हे ती सांगत नाहीत.

पोपटपंची हा शब्दच नीट तपासून पाहू. पोपटाला काय येत नाही? अर्थ येत नाही, असे आपण पटकन म्हणतो. पण दोन वर्षांच्या मुलाला तरी ‘नमस्कार’चा अर्थ कुठे येतो? ‘नमः’ आणि ‘कार’ असा विग्रह करून कोणत्या आईने पोराला हात जोडायला शिकवले? पोपट भर मध्यरात्री रिकाम्या खोलीतही ‘राम राम’ म्हणतो. मूल मात्र ते पाहुणा दारात आल्यावर म्हणते. पोपटाकडे नसतो तो प्रसंग. शब्दाला अर्थ असतो तसा प्रसंगही असतो: तो कधी म्हणायचा, कुणासमोर, दिवा लागल्यावर की लागण्याआधी, बसून की उभे राहून. लहान मूल शब्दाच्या घरात प्रसंगाच्या दाराने शिरते. अर्थ त्याला आत गेल्यावर सापडतो, कधी आठव्या वर्षी, कधी चाळिसाव्या. त्या शिक्षकांची चूक एवढीच की अर्थ नाही म्हणजे काहीच नाही, असे त्यांनी धरले.

बेने इस्राएलांच्या घरातला मलिदा पाहा. ताटात गूळ-खोबरे घातलेले पोहे आणि फळे, एलियाहू हनाबी या प्रेषिताचे नाव आणि वर हिब्रू आशीर्वचने. पोरगे पोह्यांकडे डोळे लावून बसलेले असते आणि आशीर्वचन संपल्याशिवाय ताटाला हात लावायचा नाही, हे त्याला कुणी न शिकवता कळते. वल्हांडण या ज्यू सणाच्या रात्रीची तर रचनाच अशी की घरातल्या सगळ्यांत धाकट्याने चार प्रश्न विचारायचे, आणि तेही पाठ केलेले. पाठ केलेला प्रश्न हा कसला प्रश्न, असे आमचे शिक्षक म्हणतील. पण ज्या मुलाला दरवर्षी विचारायची जागा मिळते, ते एखाद्या वर्षी आपल्या मनाचा पाचवा प्रश्न विचारते. त्या रात्रीची पोथी, हग्गादा, 1874 मध्ये पुण्यात हिब्रू आणि मराठीत छापली गेली. तिच्या चित्रांत देशी पेहरावातल्या बाया जमिनीवर बसून बेखमीर भाकरी करताना दिसतात. हिब्रू प्रसंगासाठी, मराठी अर्थासाठी. 1880 च्या सुमारास याच समाजात बायबलमधल्या कथांवर मराठी कीर्तने होऊ लागली, तीही याच वाटणीतली.

ही वाटणी नाकारणारे दोन्हीकडे आहेत. धर्म मुलांपासून दूरच ठेवावा म्हणणाऱ्यांचे घर कधी पाहा, तिथेही वाढदिवसाला मंत्र असतोच, फक्त तो इंग्रजी असतो. आणि सगळे मूळ भाषेतच हवे, भाषांतर बाटवते म्हणणाऱ्यांनी एकदा रिद्धपूरला यावे. मराठीचे पहिले गद्य तिथे लिहिले गेले, आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांना कळावे म्हणून संस्कृतात लिहू नका, असे महानुभाव पंथाच्या नागदेवाचार्यांनी आपल्याच पंडित शिष्याला सांगितले. मात्र त्याच पंथाने पुढे आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत ठेवले आणि विसाव्या शतकापर्यंत ते बाहेरच्या मराठी वाचकाला बंद राहिले. प्रसंग राखला आणि अर्थाला कुलूप घातले, तर काय होते याचे उदाहरणही आमच्याच जिल्ह्यात आहे.

आता पुन्हा विहारातल्या मुलांकडे येतो. अर्थहीन कर्मकांडावर ज्याने कठोर प्रहार केले, त्या माणसाने 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात काय केले? त्रिशरण आणि पंचशील पालीतून दिले आणि बावीस प्रतिज्ञा मराठीतून. डॉ. आंबेडकरांना ही वाटणी कळत नव्हती, असे म्हणण्याची माझी हिंमत नाही. समोरच्या लाखोंपैकी पाली कितींना येत होती? पण कोणता प्रसंग घडतो आहे, हे प्रत्येकाला कळत होते.

1948 नंतर बहुतेक बेने इस्राएल इस्राएलला गेले. तिथे हिब्रू ही बाजारहाटाची आणि बसची भाषा झाली, तिचा अर्थ मुलांना आयता मिळू लागला. आणि मराठी? मराठी मेंदीच्या गाण्यांत, मलिद्याच्या ताटाभोवती उरली. तिथे जन्मलेल्या नातवंडांना तिचा अर्थ पुरता लागत नाही, पण ती कधी म्हणायची हे त्यांना ठाऊक असते. म्हणजे ज्या भूमिकेत हिब्रू कोकणात जगली, त्याच भूमिकेत आज मराठी तिथे जगते आहे. ही पोपटपंची आहे, असे आपण त्या नातवंडांना म्हणणार आहोत का?

तरी त्या शिक्षकांचे एक म्हणणे मला मान्य करावे लागते. जो शब्द फक्त वर्गात म्हटला जातो, ज्याला गुण मिळतात आणि जो घरी कुणी म्हणत नाही, ती खरोखरच पोपटपंची आहे. मुलाला अर्थ कळत नाही हे त्याचे कारण नव्हे. त्या शब्दाचा प्रसंगच मेलेला आहे.

म्हणून अकोल्या-अमरावतीत विहारात, मदरशात, पाठशाळेत किंवा बालसंस्कार वर्गात लहान मुलांना जुन्या भाषेतले काही शिकवणाऱ्या प्रत्येकाला एक विनंती. धडा सुरू करण्याआधी स्वतःला विचारा: हे वाक्य हे मूल घरी जाऊन कधी म्हणणार आहे? उत्तर असेल तर निःशंक पाठ करून घ्या आणि अर्थ मराठीतून सावकाश सांगत राहा. उत्तर नसेल, तर तो धडा सोडून द्या.