माघातले ऊन

हिवाळ्याचे पहिले दिवस कसेही निघून जातात. थंडी नवी असते, पेटीतले लोकरीचे कपडे बाहेर येतात, आणि आमच्या मालव्यात तर तळलेल्या गराडूचा वास रस्त्यारस्त्यांतून येऊ लागला की थंडी हा एक सोहळाच वाटतो. खरी परीक्षा माघात होते. तीळगूळ संपलेला असतो, वसंतपंचमी होऊन गेलेली असते, होळी दूर असते. पहाटेचा गारठा मात्र हटत नाही. त्यातच एखादे दिवशी मावठ्याचा पाऊस येतो आणि मन उगीचच जड होऊन बसते.

उज्जैनीत नानाखेड्याच्या बसस्थानकापासून जवळच आमचे बिऱ्हाड आहे. गेल्या वर्षी कार्तिकात आमच्या मातोश्री गेल्या. वडिलांनी पौषापर्यंत धीर धरला. पुढे माघात मंगेशीची जत्रा जवळ आली, आणि वर्षश्राद्ध होईपर्यंत उत्सवास जावयाचे नाही या घरच्या रीतीप्रमाणे यंदा जाणे नाही असे ठरले, तेव्हापासून त्यांनी खोली सोडणेच बंद केले. डॉक्टरांनी तपासले, शरीरात दोष नव्हता. चहा, वर्तमानपत्र, नातवंडे, काहीही पुढे केले की मायबोलीत एकच उत्तर येई : "म्हाका कितेंच नाका."

आम्ही त्यांना एके दिवशी जवळजवळ हट्टानेच गच्चीवर उन्हात नेले व पुढ्यात ओल्या हरभऱ्याची जुडी ठेवली. ते पाहून आत्याबाई आम्हांस बाजूला घेऊन म्हणाल्या, "वहिनीला जाऊन चार महिने झाले नाहीत, आणि तू भाऊला चणे देऊन हसवू पाहतोस? लहान मूल आहे का तो?"

या प्रश्नाने आम्ही निरुत्तर झालो, हे कबूल केले पाहिजे. एका साध्वीच्या सहवासाचे मोल मूठभर सोलाण्यांनी भरून काढावयाचे, यात दुःखाचा उपमर्द नाही काय? शिवाय ही भर्तृहरीची नगरी. हातात आलेल्या अमृतफळाची कथा कळताच ज्याने राज्य टाकले, त्याची गुहा येथे क्षिप्राकाठी दाखवितात. अशा गावात क्षुद्र सुखाची वकिली करणे अवघडच.

तरीही ती आम्ही करतो. मनाई करणाऱ्या नियमाचा अर्थ त्याच्या शब्दांपलीकडे ताणू नये, असे आम्ही न्यायालयात नेहमी सांगतो. रीतीने उत्सव वर्ज्य केला आहे. ऊन वर्ज्य केलेले नाही. पण हा झाला तांत्रिक मुद्दा. मूळ आधार गीतेचा आहे. सतराव्या अध्यायात मानस तपाची जी गणना आहे, तिच्या आरंभीच मनाची प्रसन्नता येते. प्रसन्नता हे तपाचे फळ असते, तर ती ज्याच्या त्याच्या नशिबावर सोडता आली असती. तिला तपच म्हटल्याने ती करावयाची गोष्ट ठरते. पुढे अठराव्या अध्यायात तामस धृती सांगितली आहे, ती शोक आणि विषाद न सोडणाऱ्याची. शोक होणे हा दोष म्हटलेला नाही. त्यास न सोडणे हा म्हटला आहे. आमच्या व्यवसायातील दाखला द्यावयाचा, तर दुःख हा घरी आलेला पाहुणा आहे, त्यास कोणी हाकलीत नाही. परंतु बारा वर्षे राहून तोच घराची मालकी सांगू लागला, म्हणजे दिवाणी दावा लढणे किती जड जाते हे आम्ही पाहिले आहे.

उन्हाचा गुण केवळ कवींनीच सांगितला आहे असेही नाही. 1984 साली अमेरिकेत डॉ. नॉर्मन रोझेंथाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी हिवाळ्यात दरवर्षी येणाऱ्या खिन्नतेचे वर्णन प्रसिद्ध केले आणि तिच्यावर तीव्र प्रकाशाचा उपचार करून पाहिला. त्यांच्याकडे दिव्याची पेटी लागते. आमची गच्ची फुकट आहे. (झोप आणि अन्न दोन्ही सुटली असतील तर मात्र गच्चीच्या भरवशावर न राहता वैद्य गाठावा.)

त्या दिवशी वडिलांनी पहिला घाटा सोलला तो आमचा आग्रह मोडवेना म्हणून. दहाबारा झाल्यावर त्यांनी जुडी उलटून पाहिली व विचारले, "आनीक आसात?" आम्ही जिना दोन पायऱ्या एकदम टाकीत उतरलो.

पुढे एक दिवस त्यांना वेधशाळेत नेले. सवाई जयसिंहांची ती 18व्या शतकातली वास्तू. तेथील शंकूची माध्यान्हीची सावली मकरसंक्रमणाच्या वेळी जवळजवळ शंकूच्या उंचीइतकी असते, ती महाशिवरात्रीच्या सुमारास दोन तृतीयांशाच्या आसपास येते. वडील जन्मभर गणिताचे शिक्षक. घरी येताच त्यांनी गच्चीवरील कपड्यांच्या दोरीच्या खांबाजवळ बैठक मारली आणि रोज दुपारी कोळशाने एक रेघ ओढू लागले. शेजारचे मालवी गृहस्थ म्हणत, "बाबूजी, आता फागुन लागला." त्यांचा महिना पौर्णिमेस संपतो, आमचा अमावास्येस, त्यामुळे त्यांच्या घरी फाल्गुन आणि आमच्या घरी पंधरा दिवस माघच. एकाच गच्चीच्या कठड्याला दोन महिने टेकलेले पाहून वडिलांना फार मौज वाटे.

जत्रेची हळहळ गेली नाही, जावयाचीही नव्हती. पण शिवनवरात्र सुरू झाल्यावर त्यांनीच नातवाला सांगितले की महाकालाचे हे मंदिर पुन्हा उभारणारे राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर हे मंगेशाचे भक्त, आणि त्यांच्याच सांगण्यावरून 1739 साली मंगेशी गाव देवस्थानास मिळाला. सांगता सांगता मातोश्रींची आठवण निघाली व त्यांचे डोळे भरून आले. आत्याबाई तेथेच होत्या. त्यांनी काही म्हटले नाही.

महाशिवरात्रीनंतरच्या दुपारी, वर्षातून एकदाच माध्यान्ही होणाऱ्या भस्मआरतीस आम्ही दोघे गेलो. परत येऊन पाहतो तो गच्चीवर त्या दिवसाची रेघ ओढलेली होती, जरा वाकडी. आणि आत्याबाई नळावर बोटांचा कोळसा धूत होत्या.