बशीतल्या पेशी

घाटनांदूर

चि. वैष्णवीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रोजेक्टचा कागद वाचला. हळदीतलं कुरक्युमिन कायटोसानच्या नॅनोकणांत भरून कर्करोगाच्या पेशींवर टाकणार आहेस. विषय उत्तम. पण ‘हळदीने कॅन्सर बरा होतो’ हे पहिलं वाक्य आधी खोड. काचेच्या बशीतल्या पेशी ॲसिडनेही मरतात.

खरी अडचण तुझ्या आजीला रोज दिसते. गार पाण्यात चमचाभर हळद ढवळली की तळाशी गाळ बसतो. फोडणीच्या तेलाला मात्र ती लगेच रंग देते. कुरक्युमिनचं पाण्याशी जमत नाही, आणि रक्तात तर बहुतेक पाणीच. पोटातून जे थोडं शोषलं जातं, त्याचंही रूप आतडं आणि यकृत झटपट बदलून टाकतात. म्हणून तुझं ते कायटोसान: खेकडा-कोळंबीच्या कवचापासून केलेलं, सौम्य आम्लात विरघळणारं. त्यात ट्रायपॉलिफॉस्फेट थेंबथेंब सोडलं की नितळ द्राव दुधाळ होऊ लागतो. ते दुधाळपण म्हणजेच तुझे कण.

असं औषध रुग्णापर्यंत पोचतं का? एक पोचलंय. नंदुरबारला 1925 साली जन्मलेले मनसुख वाणी आणि त्यांचे सहकारी मन्रो वॉल यांनी अमेरिकेत पॅसिफिक यू झाडाच्या सालीतून टॅक्सॉल हे कर्करोगावरचं औषध काढलं. 1971 मध्ये त्याची रचना जाहीर केली. तेही पाण्यात विरघळेना. शिरेतून देताना एरंडेलापासून बनवलेला विद्रावक घालावा लागे, आणि त्याचीच काहींना जबर ॲलर्जी येई. पुढे ते औषध अल्ब्युमिन या रक्तातल्याच प्रथिनाशी बांधून साधारण 130 नॅनोमीटरचे कण केले. त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली 2005 मध्ये. रचना कळल्यापासून 34 वर्षं गेली, बाई! माझ्या मते या गोष्टीत सालीइतकंच श्रेय वेष्टनाचं आहे. आपल्या अंगणातल्या सदाफुलीतूनही विन्क्रिस्टिन हे कर्करोगावरचं औषध मिळतं, म्हणून कुणी तिची पानं चघळू नयेत.

प्रयोगात दोन बशा वाढव. एकीत कुरक्युमिन न भरलेले रिकामे कण टाक, दुसरीत निरोगी पेशींवर भरलेले. रिकाम्या कणांनीच पेशी मेल्या, तर तसंच लिही. मार्कांची काळजी करू नकोस.

आणखी एक काम. स्टेशनामागच्या काकू केमो अर्धवट सोडून हळदीच्या दुधावर आल्यात. आम्ही सांगून थकलो. तू फार्मसीला आहेस, तुझं ऐकतील. आजच फोन कर आणि डॉक्टरांकडे पुन्हा जायला लाव.

तुझे आजोबा