दोन घासांचा न्याय

मामा मलिहाबादेत फळबागांचा सल्लागार. आंब्याच्या प्रदर्शनांत परीक्षक म्हणूनही बसतो. भाची पुण्याच्या एका हॉटेलात स्वयंपाकी. पुण्यातल्याच एका मायक्रोब्रुअरीने बर्गरची स्पर्धा लावलीय आणि हिला पावात काकोरी कबाब घालायचाय. सल्ला घ्यायला ती थेट दशहरीच्या बागेत येऊन थडकली.

भाची : परीक्षक दोन घास घेतात नि पुढच्या ताटाकडे वळतात. मीठ, चरबी, चटणी सगळं चढं ठेवलं की नंबर लागतो. पण तोच बर्गर अख्खा खाल्ला तर पाचव्या घासाला नकोसा होतो. करू कुणासाठी?

मामा : आमच्याकडे तरी वेगळं काय? ओळीने फोडी मांडलेल्या असतात. सहा-सात चाखल्या की जीभ बधिर. मग सगळ्यात गोड नि रंगाने लालभडक असेल तो आंबा भाव खातो. दशहरी बारीक, लांबट, पिकली तरी हिरवट-पिवळी. एका फोडीत ती काय कळणार?

भाची : १९८५ साली कोका-कोलाने तेच केलं. जवळजवळ दोन लाख लोकांना चाखवलं, नवी गोड चव पुढे आली. बाजारात आणल्यावर लोक इतके भडकले की तीन महिन्यांच्या आत जुनी परत आणावी लागली.

मामा : ते सगळंच जिभेचं नव्हतं हं. लोकांचा जुन्या नावावर जीव होता.

भाची : बरं, काकोरीचं काय?

मामा : सांगतात ते असं. काकोरीच्या नवाबाकडे आंब्याच्या दिवसांत मेजवानी होती. एका इंग्रज साहेबाने सीख कबाब भरड लागतो म्हणून नाक मुरडलं. नवाबाला ते झोंबलं. त्याने रकाबदारांना, म्हणजे आपल्या खास स्वयंपाक्यांना, कामाला लावलं. त्यांनी इथल्याच आंब्याने मटण मुरवलं नि खिमा लोण्यासारखा केला.

भाची : म्हणजे काकोरीच मुळात परीक्षकाच्या टोमण्यातून जन्मली! मग परीक्षकासाठी रांधलं तर बिघडलं कुठे?

मामा : साहेबाला पुन्हा जेवायला बोलावलं होतं. तो पोटभर जेवला, चाखून उठला नाही.

(हे मला अर्धंच पटतं. नवाबाच्या पंगतीत ताट टाकून उठायची सोय कुणाला असते?)

मामा : आणि काकोरी पावात टिकेल कशी? सळईवरून उतरवतानाच ती तुटते. पाव दाबलास की लगदा.

भाची : म्हणून तर मीठ. बर्गरवाले तव्यावर टाकताना वरून मीठ लावतात, म्हणजे खिमा भुसभुशीत राहतो. आधीच घालून मळला तर चिकट होऊन घट्ट धरतो. मी आधी घालणार.

मामा : मग काकोरी उरली कुठे? नुसतं नाव.

भाची : नाव नको तर नको. ‘आंब्यात मुरवलेला खिमा’ लिहीन. माझी अडचण दुसरीच आहे. बारमध्ये माणूस बर्गरबरोबर बिअर घेतो, तिचा कडवटपणा चरबीला उतारा देतो. देशातल्या सुरुवातीच्या मायक्रोब्रुअऱ्यांपैकी एक, डुलाली, २००९ साली पुण्यातच निघाली; आमच्या गिऱ्हाइकाला हे सांगावं लागत नाही. परीक्षक मात्र दोन ताटांमध्ये पाणी पिणार! आणि जिंकलेला बर्गर महिनाभर त्या बारच्या मेनूवर राहणार. तो परीक्षक नाही, गिऱ्हाईक खाणार.

मामा : मग गिऱ्हाइकासाठी कर नि हर.

भाची : हरल्यावर मेनूवर येणारच नाही. गिऱ्हाईक खाणार काय?

मामा : हं.

भाची : असं करते. बर्गरच लहान करते, दोन घासांचा. परीक्षकाला अख्खाच खावा लागेल.

मामा : ही पळवाट झाली. गिऱ्हाईक तीन मागवेल.

भाची : मागवू दे. तिसराही संपवला तर माझं मीठ बरोबर.

मामा : पण परीक्षकाला एका बर्गरमध्ये ते कळेल?

भाची : नाही कळणार. त्याच्यापुरती चटणी जरा वाढवते.

मामा : आलीस मूळ पदावर!

भाची : चटणी वेगळ्या वाटीत देईन रे. गिऱ्हाइकालाही तीच वाटी.