मोलाने केलेली निगा

ज्या जिवास आपण विकणार आहो त्याची निगा मनापासून करिता येते काय? हा प्रश्न आमच्या खेड्यांतील वाचकांस नवा नाही. शेळी व्याली म्हणजे थंडीच्या रात्री करडास पोत्याखाली घेऊन निजणारी घरधनीणच पुढे बाजारच्या दिवशी त्याचे दावे खाटकाच्या हाती देते, आणि घरी आल्यावर त्या सांजेस तिला घास गोड लागत नाही. ती ढोंगी आहे असे म्हणावयास आमची जीभ वळत नाही. तिची माया अगदी निर्मळ आहे असे म्हणावयासही ती किंचित अडखळते. परंतु शेळीचे उदाहरण घेतले की ज्याच्या त्याच्या मनात आपल्याच गोठ्याचा हिशेब उभा राहतो आणि विचार बाजूस राहतो. यास्तव आज आम्ही एक दूरचे उदाहरण घेतो. समुद्रापलीकडे कित्येक ठिकाणी लोक पोवळ्याच्या जातीचे जीव हौदांत वाढवितात व विकतात. त्या जिवास डोळे नाहीत, तो धन्याची हाक ओळखीत नाही, दारात येऊन अंगास अंग घाशीत नाही. त्यामुळे माया आणि मोल यांचा संबंध तेथे अधिक उघडा दिसतो.

पोवळे आपल्यास ठाऊक आहे ते सोनाराच्या दुकानातले, तांबड्या मण्यांचे. ते मुख्यत्वे भूमध्य समुद्रातील एका जातीचे हाड होय. आम्हांस ज्यांविषयी लिहावयाचे आहे ते त्याचे भाऊबंद, म्हणजे उष्ण समुद्रांत खडक बांधणारे प्रवाळ. पुष्कळ काळपर्यंत शहाणे लोकही ह्यांस झाडे समजत असत. इ. स. १७२० नंतरच्या दशकात पेसोनेल नावाच्या फ्रेंच वैद्याने असे दाखविले की, पोवळ्याच्या फांदीवर जी फुले दिसतात ती फुले नसून लहान लहान प्राणी आहेत. त्याचे म्हणणे पॅरिस येथील पंडितांच्या सभेत वाचून दाखविणाराने त्याचे नावही घेतले नाही. बिचाऱ्याचे हसे होऊ नये हा हेतु! पुढे तोच खरा ठरला.

प्रवाळातील एक एक प्राणी बहुधा हरभऱ्याच्या दाण्याहूनही लहान असतो. त्यास पॉलिप म्हणतात. अंग नळीसारखे, तोंडाभोवती बोटांची झालर, आणि खाली स्वतःच बांधलेले चुन्याचे घर. असे हजारो पॉलिप एकमेकांस जोडून एका कुटुंबाप्रमाणे राहतात. आणखी नवल असे की, त्यांच्या मांसात अतिसूक्ष्म शेवाळ वस्तीस असते. ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करिते व घरधन्यास त्याचा मोठा वाटा देते. समुद्राचे पाणी नेहमीच्या उन्हाळ्याहून एक दोन अंशांनी अधिक तापून काही आठवडे तसेच राहिले, तर हा सोयरा घराबाहेर पडतो. प्रवाळ पांढरे फटक होते, आणि ताप लवकर उतरला नाही तर उपासाने मरते. अशी जगभर पसरलेली साथ १९९८ साली प्रथम आली. चौथी साथ चालू असल्याचे एप्रिल १९२४ मध्ये नव्हे, आमच्याच डोळ्यांदेखत, एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झाले. शंभर वर्षांमागे असे काही घडले असते तर ते ऐकून कोणाचा विश्वास बसला नसता.

आता ह्यांची शेती कशी करितात ते पाहू. काही ठिकाणी ती उथळ समुद्रात लोखंडी मांडवांवर होते. परंतु पुष्कळ ठिकाणी जमिनीवर, छपराखाली, लांबट उथळ हौदांत होते. पाणी प्रथम गाळून निर्मळ करावयाचे, मग त्यात दर लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम मीठ घालावयाचे. हे मीठ आमटीतले नव्हे. समुद्रात जे जे क्षार असतात ते सर्व त्यात प्रमाणाने असतात. पाण्याची उष्णता २५ अंशांच्या आसपास राखावयाची. प्रवाळ आपले घर बांधण्यास पाण्यातील चुना रोज खात असते. म्हणून लिटरमागे ४०० ते ४५० मिलिग्रॅम चुन्याचे तत्त्व राहील इतके ते पुन्हा पुन्हा भरावे लागते. खांडे वाढली की चुन्याचा खप वाढतो, जसे गुरे वाढली की कडब्याची गंज लवकर उतरते. वर निळसर प्रकाशाचे दिवे. तोही एकदम फार देऊन चालत नाही; सावलीतील रोप जसे हळूहळू उन्हास सोसते करावे तसेच येथे. पाणी अहोरात्र हलते ठेवावे लागते. वीज गेली आणि पंप थांबले तर काही तासांत वर्षांची मेहनत जाते; म्हणून बाजूस दुसरे यंत्र तयार ठेवून मनुष्य रात्रीही कान देऊन निजतो.

बी पेरावयाचे काम येथे सहसा नाही. उसाचे बेणे तोडून लावितात तसे एका मोठ्या खांडाचे पाणी सोडीत करवतीने लहान तुकडे करावयाचे, आणि प्रत्येक तुकडा चकतीवर चिकटवून हौदात मांडावयाचा. काही दिवसांत जखम भरते, मांस चकतीवर पसरू लागते, आणि काही महिन्यांत तो तुकडा विकण्याजोगा होतो. कीडही आहेच. फांदीदार प्रवाळांस एक चपटा कृमी लागतो. त्याचा रंग हुबेहूब यजमानाचा. औषधाच्या पाण्यात बुडविले म्हणजे कृमी गळून पडतात, परंतु अंडी मरत नाहीत. म्हणून काही दिवसांनी पुन्हा बुडवावयाचे, पुन्हा पाहावयाचे, आणि नव्याने आलेले खांड वेगळ्या हौदात ठेवून मगच जुन्यांत मिसळावयाचे. गुंडीच्या आकाराचे काही मऊ जीव तर असे आहेत की, त्यांतील विष हाताच्या जखमेतून गेल्यास किंवा वाफेबरोबर छातीत गेल्यास मनुष्य अत्यवस्थ होतो. तेव्हा हातमोजे व चष्मा घालून निगा करावयाची. जो जीव आपल्यास ओळखीत नाही, प्रसंगी मारूही शकतो, त्याची ही सेवा!

ह्यावर कोणी म्हणेल, "सेवा कसली? हा तर व्यापार. पैसा मिळतो म्हणून रात्री जागतात." हा आक्षेप हलका नाही. मोलकरी मेंढपाळ लांडगा दिसताच पळतो हे आमच्या वाचकांस लहानपणापासून ठाऊक आहे, आणि मोलाच्या निगेविषयी आपल्या मनात जो संशय आहे तो बहुतांशी तेथूनच आलेला आहे. तथापि आम्हांस असे वाटते की, आपण हा संशय फार सैलपणे वापरितो. शाळेच्या पंतोजीस पगार आहे, सुइणीस लुगडेचोळी मिळते, उपदेशकासही दरमहा काही मिळतेच. एवढ्यावरून त्यांची निगा खोटी ठरली तर गावात खरी निगा शोधावयास कंदील घ्यावा लागेल.

प्रवाळाच्या हौदापाशी उभे राहिले म्हणजे एक गोष्ट स्पष्ट दिसते. त्या जिवास तुमच्या अंतःकरणाशी कर्तव्य नाही. त्यास पाण्याशी कर्तव्य आहे. हौसेने काचेच्या पेटीत प्रवाळ ठेवणारा गृहस्थ त्यावर मनापासून लुब्ध असतो, पाहुण्यांस दाखवितो, आणि पाणी न मोजल्यामुळे दोन महिन्यांत त्याचा पांढरा दगड करून ठेवितो. त्याच वेळी कोणी पगारी पोर, ज्यास त्या जिवाचे लॅटिन नावही उच्चारता येत नाही, दररोज सकाळी क्षार मोजून वहीत आकडा लिहितो आणि हजार खांडे जगवितो. ह्या दोघांत प्रेम कोणाचे अधिक? गृहस्थाची भावना मोठी हे कबूल. परंतु जी भावना दुसऱ्याची गरज शिकण्याचे कष्ट घेत नाही तीस प्रेम म्हणण्यापूर्वी आम्ही थोडे थांबू. आमच्या घरांतही आजाऱ्यास मायेने तूपभात चारून मारणारे आहेतच.

इतकेच नव्हे, तर मोलासाठी शिकलेली विद्या मोलाच्या पलीकडेही जाते. डेव्हिड वॉन ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाचे उदाहरण घ्या. त्याने पूर्वी फ्लोरिडात शोभेचे जलचर व्यापारासाठी वाढविण्याच्या कामात हात घातला होता. पुढे तो त्याच प्रांतातील समरलँड की बेटावरील मोट प्रयोगशाळेत समुद्रातील खडक पुन्हा जिवंत करण्याच्या कामास लागला. तेथे सांबराच्या शिंगासारख्या एका प्रवाळाचे खांड हलविताना मोडले आणि थोडे पॉलिप हौदाच्या तळास चिकटून राहिले. ते मेलेच असे त्यास वाटले. काही दिवसांनी पाहतो तो ते मेले नाहीत, उलट विलक्षण वेगाने पसरत आहेत! ह्यावरून अगदी बारीक तुकडे करून ते जवळजवळ लावण्याची रीत निघाली; एकाच वंशाचे तुकडे वाढत जाऊन एकमेकांस मिळतात आणि एरवी ज्यास कित्येक वर्षे लागावी ते थोडक्यात होते. ह्या रीतीवरील एक निबंध २०१५ साली छापून प्रसिद्ध झाला आहे. हौदातील जीव कसा जगवावा हे ज्ञान मात्र पुष्कळसे आधीच, विकणाऱ्यांच्या व हौशी लोकांच्या हाताखाली, जमले होते.

येथवर आम्ही मोलकऱ्याची बाजू घेतली. आता जेथे आमचे मन अडते ते सांगितले पाहिजे. मोल निगेस बिघडवितेच असे नाही, परंतु निगा कोणाची करावयाची हे मोल ठरवू लागले म्हणजे बिघाड होतो. हौदात जागा थोडी. तेव्हा ज्या रंगास भाव तो ठेवावयाचा, भुऱ्या रंगाचा काढावयाचा. समुद्रात मात्र लाटा अडविणारा व माशांस थारा देणारा बहुधा हा भुराच असतो.

आणि पुढे पाहा. बहामा बेटांपैकी ग्रँड बहामा येथे 'कोरल व्हिटा' नावाची कंपनी आहे. ती शोभेसाठी नव्हे, तर समुद्रात पुन्हा लावण्यासाठी प्रवाळ वाढविते; मात्र धर्मादाय नव्हे, मोल घेऊन. तिची शेती २०१९ साली सुरू झाली, आणि त्याच वर्षाच्या सप्टेंबरात डोरियन नावाचे भयंकर वादळ त्या बेटावर एक दिवसाहून अधिक काळ ठाण मांडून बसले. समुद्र शेतीत शिरला व सर्व उद्ध्वस्त झाले. मोलकऱ्याने पळावे असा हा क्षण. ते पळाले नाहीत. शेती पुन्हा उभारली, आणि २०२१ साली त्यांस अर्थशॉट नावाचे दहा लक्ष पौंडांचे बक्षीस मिळाले. आम्हांस हे वाचून आनंद झाला. तरी एक शंका उरतेच. लाटा अडविणारा खडक ज्यास पाहिजे त्याने तो विकत घ्यावा, ही रीत श्रीमंत खाणावळीच्या किनाऱ्यास ठीक आहे. ज्या कोळ्याच्या झोपडीपुढचा खडक मेला आहे त्याच्यापाशी काय आहे? त्याच्यासाठी दुसऱ्या कोणी तरी पैसे भरले पाहिजेत. तो दुसरा कोण, ह्याचे उत्तर हौदातील पाणी मोजून मिळत नाही.

इंडोनेशियात ह्या बाबतीत सरकारने हात घातला आहे. तेथे किनाऱ्यावरील अनेक कुटुंबे ह्या शेतीवर पोट भरितात. २०१८ साली प्रवाळ परदेशी पाठविणे बंद झाले तेव्हा त्यांच्यावर संकट आले. २०२० साली हा व्यापार पुन्हा खुला झाला. शेती करणाराने उत्पन्नाचा दहावा भाग समुद्रात परत लावावा असा तेथे नियम आहे. दशांश हा शब्द आमच्या मंडळ्यांत वारंवार ऐकू येतो, आणि तो देताना हिशेबात कोणता अंश गळतो हेही आम्ही जाणतो. तेव्हा तेथील शेतकरी कोणते खांड परत देत असतील ह्याविषयी आम्ही काही बोलत नाही.

आमच्या देशात ही शेती नाही. खडक बांधणारे सर्व प्रवाळ २००१ पासून वन्य प्राण्यांच्या कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, म्हणजे वाघास जे संरक्षण तेच त्यांस. मालवणच्या समुद्रात ते आहेत, आणि मुंबईसही आहेत. २०२० साली समुद्रकिनाऱ्याच्या रस्त्यासाठी वरळी व हाजीअली येथील प्रवाळ उचलून दुसरीकडे नेण्यात आले. विक्रीस बंदी असल्यामुळे आपले हात स्वच्छ आहेत असे मात्र कोणी समजू नये. न विकलेल्या वस्तूची निगा आपण करितोच असे कोठे आहे? गावच्या विहिरीचा कठडा कोणी विकीत नाही, आणि कोणी बांधीतही नाही.

२०२३ च्या जुलै महिन्यात फ्लोरिडाच्या दक्षिणेस समुद्र इतका तापला की एका उथळ खाडीत ३८ अंशांहून अधिक उष्णता मोजली गेली. समुद्रात लावलेली प्रवाळे डोळ्यांदेखत पांढरी पडू लागली. तेव्हा लोक होड्या घेऊन गेले, हजारो खांडे पाण्यातून उचलून त्यांनी जमिनीवरील हौदांत आणली, आणि पाणी थंड ठेवून त्यांस जगविले. ज्या विद्येने हे झाले तीत व्यापाऱ्याच्या हौदाचा वाटा किती आणि शास्त्रज्ञाच्या किती, हे त्या आठवड्यांत कोणी विचारीत बसले नसावे. उन्हाळा सरल्यावर समुद्रात परत नेण्यास आरंभ झाला. परंतु सांबरशिंगी प्रवाळांच्या कित्येक वंशांची खांडे तेथील हौदांत बीज म्हणून राखून ठेविली आहेत. त्यांस भाव नाही, ग्राहक नाही. त्यांचेही पाणी रोज सकाळी मोजावे लागते.