तीस सेकंदांतील पाऊस

२०२५ साली पावसाने फार घाई केली. मुंबईत मोसमी पावसाच्या आगमनाची सर्वसाधारण तारीख ११ जून. त्या वर्षी तो २६ मे रोजीच येऊन ठेपला. त्याच सुमारास, एका दुपारी, वसईच्या किनाऱ्यालगतच्या आमच्या निवासाच्या गच्चीत मी एका मोबाईलची राखण करीत उभा होतो. धर्मग्रामातील एका तरुणाने तो तिकाटण्यावर बसवून दिला होता. दर पाच सेकंदांनी एक छायाचित्र, म्हणजे तासाला ७२०. सेकंदाला चोवीस या गतीने ती दाखविली की तासाभराचे वादळ अर्ध्या मिनिटात मावते. ‘फादर, धक्का तेवढा लागू देऊ नका,’ असे बजावून तो गेला.

चित्रफीत पाहून मी थक्क झालो, हे आधी कबूल करतो. नुसत्या डोळ्यांना ढग म्हणजे वाऱ्याने ढकलत आणलेले गाठोडे वाटते. येथे तो उतू जाणाऱ्या दुधासारखा एका अंगाने उफाळत होता, दुसऱ्या अंगाने विरत होता. चढणारी दमट हवा निवत होती आणि ढग क्षणोक्षणी नव्याने घडत होता. जपानी भौतिकशास्त्रज्ञ मासानाओ आबे यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात फुजी पर्वतावरील ढगांचे चलच्चित्रण वर्षानुवर्षे केले. हवा दिसत नाही, तिची वाट ढगांवरून कळते. तेव्हा काळ आवळला की सत्य निसटते, असे सरसकट म्हणण्यास मी धजणार नाही.

पण चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात एक खळे होते. तेथे शेजारच्या वृद्ध बाईंनी जवळा सुकत घातला होता. वारा सुटताच त्या केरसुणीने तो गोळा करू लागल्या; टोपली भरायची, पडवीत रिती करायची, पुन्हा परतायचे. सुमारे दहा मिनिटे त्या एकट्या राबत होत्या. चित्रफितीत ती दहा मिनिटे पाच सेकंदांची झाली आहेत. मूकपटातील पात्रासारखी त्यांची धावपळ दिसते, पाहणारे हसतात. मीही हसलो, आणि मग गप्प झालो.

कारण ती दहा मिनिटे मी पुरती जगलो होतो. गच्चीपासून खळ्यापर्यंत पन्नास पावलेही नाहीत. संत ऑगस्टिन यांनी ‘कन्फेशन्स’च्या अकराव्या भागात काळ मनाच्या आधाराने मोजला आहे : भूतकाळ म्हणजे स्मरण, भविष्य म्हणजे अपेक्षा, वर्तमान म्हणजे अवधान. सेमिनरीत यावर मी उत्तरपत्रिका लिहिली होती, गुणही बरे पडले होते. त्या दुपारी माझे अवधान तिकाटण्याच्या तीन पायांवर होते. बाई मला दिसत नव्हत्या असे नाही. दर टोपलीगणिक ‘आता जावे’ असे मनात येई आणि धक्का लागेल म्हणून मी थांबे. माणसाचे करणे-न करणे ठरते ते अशाच रेंगाळणाऱ्या मिनिटांत. आणि चित्रफितीत नेमकी तीच उरलेली नाहीत. ढगाचे घडणे तिने दाखविले, माझे थांबणे नाही.

पुढे त्या तरुणाने ती बाईंनाही दाखविली. त्या खळखळून हसल्या. ‘बघा तरी, किती झरझर गोळा केला मी!’ मग माझ्याकडे वळून विचारले, ‘फादर, तवा तुम्ही कुठं होता?’

‘इथेच. गच्चीत.’

‘अर्धा भिजला,’ त्या म्हणाल्या, आणि पुन्हा एकदा लावायला सांगितले.